मास्तरांची हिरवी रेष

मास्तर टीव्हीसमोर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला बसले, की हातांसोबत त्यांचे पायही खेळायचे. हातात ते दोन मुठींचं यंत्र, बोटं बटणांवर, आणि खाली डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. म्हणजे क्लच नाही नि ब्रेकही नाही, खाली माझी सतरंजी. चौदा वर्षांत तिला दोन भोकं पडली. डावीकडं लहान, उजवीकडं मोठं. मी एकदा बोट दाखवून विचारलं, "मास्तर, हे काय होऊन राह्यलं?" तर वाकून, निरखून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "ब्रेकचं मोठं आहे ना काकू? म्हंजे मानूस सावध आहे."

मास्तर शाळेतले नव्हेत बरं का. ते मोटार शिकवायचे. बाभुळगावात आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहायचे, आणि खाली माझी खानावळ, तिथं दोन्ही वेळ जेवायचे. लग्न केलेलं नव्हतं. कोणी छेडलंच तर म्हणायचे, "एका गाडीत दोघांचे ब्रेक म्हंजे काय, हे मी रोज पाहतो. मले पुरते तेवढं." आता ते दारव्ह्याला धाकट्या भावाकडं राहतात. खोली रिकामी आहे. सतरंजी मी टाकून दिलेली नाही, कशाला टाकू, घडी घातली की भोकं दिसत नाहीत.

त्यांच्या शिकवायच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते. त्यामुळं पायांना ती सवयच. जेवताना मी कोणाच्या वाटीत घाईनं वरण ओतायला लागले, तरी यांचा उजवा पाय पाटाखाली दाबला जायचा. शिकवायला बाजाराचं मैदान. बाजार नसेल त्या दिवशी तिथं चुन्यानं आठाचा आकडा काढायचे आणि त्यावरून शिकाऊ लोकांना पुढं-मागं फिरवायचे. स्वतः चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. यवतमाळला जायचं तर मी बसनं निघाले आणि ते गाडीनं, तर मी आधी पोचून भाजी घेऊन परतीला लागलेली असायची. म्हणायचे, "रस्त्यावर पाहुन्यासारखं राहावं, काकू. मालक समजला का संपला."

एकदा बँकेतल्या एका साहेबांनी गाडीवरचा शिकाऊचा लाल 'एल' गुपचूप काढून ठेवला. त्यांना बायकोच्या माहेरावरून गाडी न्यायची होती, तिथं शोभा नको म्हणून. मास्तरांनी गाडी भर रस्त्यात बंद केली. किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "साहेब, लाज वाटते त लोकायले कळू द्या का तुमाले येत नाही. नाही सांगतलं आन् ठोकली, मंग जास्त लाज." साहेबांनी उतरून, सासऱ्याच्या दारासमोर, स्वतःच्या हातानं तो 'एल' चिकटवला. तेव्हा गाडी सुरू झाली.

असा माणूस टीव्हीवर तीनशेच्या वेगानं गाडी हाणायचा! तेही आरशात पाहून. पुढं अकरा गाड्या, मागं कोणी नाही, तरी आरसा. मी विचारलं, "मागं कुत्रंही नाही, काय पाहता?" "नाही आहे हेच पाहतो."

त्या गेमचं नाव इंग्रजी, मला धड म्हणता येत नाही. त्याचे भाग निघतात. दोन-तीन वर्षं झाली की पुढचा. पुण्याच्या भाच्यानं जुनं यंत्र देऊन टाकलं, त्यात तिसरा भाग होता, तिथून यांना नाद लागला. त्या तिसऱ्या भागात समुद्राच्या काठानं एक वळण होतं. मास्तरांनी खरा समुद्र पाहिलेला नाही, पण त्या वळणाबद्दल असे बोलायचे, जणू तिथं यांची शेती होती. "तिथं ब्रेक नाही लावायचा, काकू. नुसता श्वास सोडायचा. गाडी आपोआप येते."

नवा भाग यायचा त्या दिवशी मास्तर दाढी करायचे. सकाळपासून शिकवणी बंद. दुपारी खाली जेवायला यायचे ते तोंड पाडून. ताटावर बसायचे, घास उचलायचे नाहीत.

"काय झालं?"

"मेला."

पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा माझ्या हातातून पळी सुटली. वाटलं, भाऊ की कोण. तर गेम मेला होता! पाचवा भाग. रस्ते मोकळे केले होते म्हणे, शर्यत सोडून कुठंही हिंडा. "शर्यत सोडून हिंडायचं त मी बाभुळगावात हिंडत नाही का?" सहाव्यात गाड्यांना रंगबिरंगी दिवे लावता यायचे. "लग्नाची वरात आहे का?" पण गंमत अशी, की सहावा आला तेव्हा हेच मास्तर उसासा टाकून म्हणाले, "पाचवा कसा होता, काकू! मोकळे रस्ते!" सातवा आला तेव्हा सहाव्यातले दिवे आठवून डोळे ओले. मेल्यावरच माणूस चांगला होतो म्हणतात, तसं.

मला त्याचं नवल नाही वाटायचं. मी तीस वर्षं खानावळ चालवली. गुरुवारी पाटोडी, ही माझी रीत. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या नि झणझणीत रस्सा. वर्षभर पोरं म्हणायची, "काकू, काही तरी नवीन करत जा ना, दर गुरुवारी पाटोडीच." एका गुरुवारी मी पनीर केलं. सगळे ताटाकडं असे बघायला लागले, जसं कोणी वारलं. एकजण तर म्हणाला, "काकू, तब्येत बरी आहे ना?" आणि हे मास्तर! दर उन्हाळ्यात यांचं ठरलेलं, "वरण मागच्या वर्षीसारखं नाही राह्यलं." डाळ तीच, भांडं तेच, मी तीच. एक दिवस कंटाळून सांगितलं, "आज जुन्या पद्धतीनं केलं बघा." तर दोन वाट्या जास्त प्याले. म्हणून मला त्या कंपनीची फार दया यायची. तिथंही कोणी तरी माझ्यासारखी असेल, चुलीपुढं घाम पुसत, आणि इकडं हे ताटावर रुसून बसलेले.

मास्तर एकटे असते तर गोष्ट निराळी. पण फोनवर त्यांचा एक गट होता. जिल्ह्यातले हे गेम खेळणारे. रविवारी सगळे आपापल्या घरून एकाच शर्यतीत उतरायचे, कानाला ते बोलायचं यंत्र लावून एकमेकांशी भांडत. त्यात राजूरचा इरफान होता, तिथल्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. महागावची प्रज्ञा होती, यवतमाळला नर्सिंग शिकायची, तोंडानं फटकळ आणि गाडीनंही. आणि असेच पाचसहा. वयानं मास्तर सगळ्यांचे बाप, म्हणून अध्यक्ष.

अध्यक्ष झाल्यावर मागण्या आल्याच. दोन मागण्या मास्तरांच्या जिव्हाळ्याच्या होत्या. एक, गाडीला वजन द्या. "फुग्यावानी उडून राह्यल्या गाड्या. लोखंड आहे का पापड?" आणि दुसरी, ती हिरवी रेष काढा. गेममध्ये नवशिक्यांसाठी सोय असते म्हणे. रस्त्यावर आपोआप एक हिरवी रेष उमटते, वळण आलं की लाल होते. लाल दिसली की ब्रेक लावायचा, हिरव्यावरून जात राहायचं. मास्तर तिला पांगुळगाडा म्हणायचे. "रेष पाहून चालवायचं त मानूस कायले पाहिजे? बैलही चालवन." ही दोन वाक्यं त्यांनी सात-आठ वर्षं कंपनीला पाठवली. इंग्रजी करून द्यायची प्रज्ञा. बैलाचं इंग्रजी करताना ती हसायची, पण करायची.

आणि काय सांगू, कंपनीनं ऐकलं! यांचंच ऐकलं असं नाही, जगात असे अनेक मास्तर असतील. पण नवव्या भागात गाड्यांना वजन आलं. मास्तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून आले. "काकू, पुरन घाला. वजन दिलं!" मी पुरणपोळ्या केल्या. गटात इरफान म्हणाला, "मास्तर, तुमचा पुतळा बसवू चौकात." हे खुश.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसं आहे वजन?" तर म्हणाले, "चांगलं आहे." आणि विषय बदलला. मास्तरांनी नव्या भागाला चांगलं म्हणायची ही पहिलीच वेळ. मला तेव्हाच काळजी वाटायला लागली.

झालं होतं असं, की मास्तरांना एकही वळण जमत नव्हतं. वजनदार गाडी हळूहळू वळवावी लागते, अंगठा तीळभर सरकवायचा, परत आणायचा. यांचा डावा अंगठा सकाळी तर वाकायचाच नाही. पंचवीस वर्षं गिअरवर हात, त्यात आता वय. अंगठा सरकला तर पूर्ण सरकायचा, नाही तर जागचा हलायचा नाही. गाडी भिंतीवर. फुग्यावानी गाड्या होत्या तेव्हा हे झाकून गेलं होतं. ज्याच्यासाठी पुरण घातलं, त्यानंच घात केला.

रविवारी मास्तर शेवटचे आले. पुढच्या रविवारीही. मग सुरू झालं, "लाइन गेलती", "ताप आलता", "पाहुने आले". यांच्याकडं पाहुणे! चौदा वर्षांत एक भाऊ आला, तोही चप्पल न काढता गेला. मी खाली ऐकायची, वर फोनवर खोटं बोलून राह्यले. चाळीसच्या वर न जाणारा माणूस, पण खोटं मात्र सुसाट.

आणि एका रविवारी मास्तर चौथे आले. गटात जल्लोष. "वाघ परत आला!" प्रज्ञासुद्धा म्हणाली, "मास्तर, काय वळन मारलं तुम्ही! मले शिकवा." मला वाटलं, हे नाचत खाली येतील. आले, ताटावर बसले, आणि गेम मेल्यावर बसायचे तसे बसून राहिले.

दोन दिवसांनी दुपारी ते जेवायला उतरले नाहीत, म्हणून मी ताट घेऊन वर गेले. दार लोटलेलं होतं. ढकललं. टीव्हीवर रस्ता, आणि रस्त्यावर लांबपर्यंत हिरवीगार रेष. इतकी सुबक, की अंगणात काढावी. मास्तर जीभ बाहेर काढून तिच्यावरून गाडी नेत होते.

"हे काय?"

"जाहिरात आहे." असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला.

मी ताट ठेवलं नि समोर बसले. तोंडाला पदर लावला तरी हसू आवरेना. म्हटलं, "मास्तर, त्या बँकेच्या साहेबाले सासऱ्याच्या दारात 'एल' लावायले लावला, तो तुम्हीच ना?"

मास्तर हसले नाहीत. अंगठा दुसऱ्या हातानं चोळत बसले. मग म्हणाले, "काकू, कोनाले सांगू नका. हे पोट्टे माह्या शब्दावर चालतात. सात-आठ वर्षं मी त्यायले सांगून राह्यलो का रेष लावनारा बैल. आता मी... त्या दिवशी पोरगी म्हने, मले शिकवा. काय शिकवू? रेष शिकवू?"

"मग नका लावू."

"नाही लावली त खेळता नाही येत."

एवढं साधं होतं ते. म्हटलं, "जेवून घ्या, भाकर थंडी होते."

पुढं पंधराच दिवसांत ती बैठक आली. कंपनीच्या बंगळुरूच्या मॅडम ठिकठिकाणच्या गटांशी कॉम्प्युटरवर बोलून त्यांचं म्हणणं ऐकणार, आणि पुढच्या भागात काय ठेवायचं, काय काढायचं ते वर कळवणार. आमच्या गटाचा नंबर लागला. इतक्या वर्षांनी कोणी तरी समोरून विचारलं! पोरं वेडी झाली. सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं, आणि जागा ठरली माझी खानावळ. रविवारी सकाळी राजूरवरून इरफान आला, यवतमाळवरून प्रज्ञा, बाकीचे मोटारसायकलींवर. गुरुवार नसून मी पाटोडी टाकली. इरफाननं मागण्या छापून आणल्या होत्या. पहिली मागणी मास्तरांच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरात : हिरवी रेष कायमची काढून टाकावी, ज्याला वळण समजत नाही त्यानं बसनं जावं.

वाचायचं कोणी? अध्यक्षांनी.

मी रस्सा ढवळत दारातून बघत होते. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. कागद हातात घेतला, चष्मा लावला. पडद्यावर मॅडम हसून म्हणाल्या, "जी सर, बताइए." मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, अगदी गच्च. मला वाटलं, आता वाचतील. वाचून टाकतील आणि वर जाऊन यंत्र भाच्याला परत देतील, पण खरं काय ते तोंडातून निघणार नाही.

"पहिल्या मागनीत एक अडचन आहे," मास्तर म्हणाले.

"कायची अडचन?" इरफान म्हणाला. "तुमचीच त आहे."

"मी लावतो."

"काय लावता?"

"रेष."

कोणाला काही कळलंच नाही. आणि त्यात पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "सर, आवाज कट गया. ज़रा ज़ोर से बोलिए?"

आता बघा, एकदा बोलायलाच इतके दिवस लागले, आणि लगेच दुसऱ्यांदा, तेही ओरडून, तेही हिंदीत. मास्तर उभे राहिले. "मॅडम, वो हरी लाईन मैं लगाता हूँ! तीन हफ़्ते से! मेरा अंगूठा मुडता नहीं!"

माझी पळी थांबली. मास्तर उभेच. इरफान कागदाकडं बघत होता. मग तो मान खाली घालूनच म्हणाला, "मी बी लावतो."

"अबे, तू?"

"दिवसभर खानीत डंपर वळवून येतो ना मास्तर. मंग घरी कोन वळनं मोजत बसन?"

मग कोपऱ्यातला एकजण खोकला. दुसऱ्यानं हात वर केला, वर्गात करतात तसा. तिसऱ्यानं. करता करता सगळे. एकटी प्रज्ञा राहिली. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"म्हंजे मी एकटीच बिनारेषेची? चार महिने झाले, मी पाचवी-सहावी येऊन राह्यली! मले वाटे मीच ढ आहे! रात्रंदिवस सराव करतो मी, अभ्यास बुडवून! आन् तुम्ही सगळे बैल?"

"बैल मी म्हनलो होतो," मास्तर हळूच म्हणाले.

"तुम्ही गप बसा, मास्तर!"

मास्तर खाली बसले. त्यानंतर जे भांडण झालं, ते मॅडमनी हातावर हनुवटी ठेवून पूर्ण ऐकलं. त्यांना मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण कॉल तोडला नाही बाईनं. रेष काढा ही मागणी आता कोणीच करेना. प्रज्ञानं नवी मागणी टाकली : रेष राहू द्या, पण जो लावेल त्याच्या नावापुढं खूण दिसली पाहिजे, सगळ्यांना. यावर पोरांचे चेहरे पडले. मग बऱ्याच खुसरफुसरीनंतर इरफाननं पुढची मागणी सांगितली : खूण दिसावी, पण ज्याला वाटेल त्याला ती लपवता यावी.

"बहुत अच्छा फ़ीडबैक है," मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

पाटोडी मात्र सगळ्यांनी खाल्ली. प्रज्ञानं तीनदा रस्सा घेतला, रागात.

काही महिन्यांनी कंपनीनं दोन्ही दिलं. आमच्यामुळं की आणखी कोणामुळं, देव जाणे. खूणही आली आणि खूण लपवायची सोयही आली. एकाच दिवशी. मला तेव्हा पटलं, की त्या कंपनीत नक्कीच कोणी तरी खानावळ चालवलेली बाई आहे.

पहिल्याच रविवारी गटातल्या बाकी सगळ्या रेषवाल्यांनी आपापली खूण लपवली. पडद्यावर सगळी नावं कशी धुतल्यासारखी, जणू जिल्ह्यात कोणी कधी रेष पाहिलीच नव्हती. फक्त मास्तरांच्या नावापुढं ती हिरवी टिकली चमकत होती. मी तेव्हा ताट घेऊन वर आलेली. म्हटलं, "लपवता येते ना आता?"

"येते."

"मग काहून नाही लपवत? एकटेच दिसून राह्यले तुम्ही."

मास्तरांनी आरशात पाहिलं. टीव्हीतल्या. मग म्हणाले, "लपवली त पोरगी पुन्हा म्हनन, मास्तर, वळन शिकवा. कोनत्या तोंडानं शिकवू?" आणि मान तिरकी करून, "बाजूले सरका काकू, लाल झाली."

मी सरकले. शर्यत संपेस्तोवर ताट हातात धरून उभी राहिले, कारण ठेवायला जागा होती ती नेमकी ब्रेकच्या पायाजवळ. प्रज्ञा पहिली आली. तिचं ओरडणं त्या कानाला लावायच्या यंत्रातून मलाही ऐकू आलं. मास्तरांनी यंत्र खाली ठेवलं, अंगठा चोळला, ताट ओढलं आणि वरणात बोट बुडवून बघत अगदी तृप्त आवाजात म्हणाले,

"सातवा आलो, काकू. रेष लावूनही सातवा."